डायनासोर कधी येणार? : आजचे भव्य चित्रपट कमी रंगतदार का वाटतात

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन मी ‘जुरासिक पार्क’ पाहायला बसलो. हा चित्रपट अमेरिकेत १९९३ मध्ये आला आणि हिंदी आवाजासह आपल्याकडे १९९४ मध्ये पोहोचला. मी तो आमच्या तालुक्याच्या गावातील थिएटरात, करकरणाऱ्या लाकडी खुर्चीवर बसून पाहिला होता. दहा मिनिटे झाली नाहीत तोच भाच्याने विचारले, ‘‘मामा, डायनासोर कधी येणार?’’ विसाव्या मिनिटाच्या आसपास लांब मानेचा, झाडपाला खाणारा डायनासोर दिसला, तर म्हणाला, ‘‘हा नाही रे, तो दातवाला.’’ तो दातवाला, म्हणजे टी-रेक्स, येतो चित्रपटाचा एक तास उलटून गेल्यावर. त्याआधी पावसात अडकलेल्या मोटारीत ठेवलेल्या पेल्यातील पाणी थरथरते, त्यावर एकामागून एक वर्तुळे उमटतात आणि विरतात, आणि तेवढेच. त्या वेळी भाचा काही बोलला नाही. त्याने सोफ्यावरून खाली सोडलेले पाय हळूच वर घेतले. तीस वर्षांपूर्वी आमच्या थिएटरातही त्याच जागी कितीतरी लोकांनी पाय खुर्चीवर घेतले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने मला त्याच मालिकेतील २०१५ सालचा ‘जुरासिक वर्ल्ड’ दाखवला आणि ‘‘हा जास्त भारी आहे की नाही?’’ असा सवाल टाकला. भारी तो होताच. पण दोन तासांत भाच्याने एकदाही पाय वर घेतले नाहीत, आणि मधल्या एका पळापळीच्या वेळी तो चकलीच्या डब्यापर्यंत जाऊन निवांत परत आला. ‘हल्लीच्या मोठ्या चित्रपटांत पूर्वीची मजा राहिली नाही’ हे वाक्य चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या तोंडी असते, आणि तरुण मंडळी ते वयाची कुरकुर म्हणून सोडून देतात. मीही ते सोडूनच देत होतो. या दोन दिवसांनंतर मात्र त्या तक्रारीत कितपत तथ्य आहे, आणि असल्यास त्यामागची कारणे कोणती, हे जरा नीट तपासून पाहावेसे वाटले. ब्लॉकबस्टर नावाची वस्तू ज्या हॉलिवूडमध्ये घडली, तिथल्या चित्रपटांविषयीच मुख्यत्वे बोलतो. आपल्याकडचे दाखले जिथे खरोखर लागू पडतील तिथेच येतील.

तक्रारीतील जो भाग खोटा आहे तो आधी बाजूला काढला पाहिजे. जुने ते सोने असे म्हणताना आपण विसरतो, की जुन्यातले पितळ केव्हाच मोडीत गेलेले असते. १९७५ सालचा ‘जॉज’ आज कौतुकाने पाहिला जातो, पण त्याच मालिकेतील १९८७ चा चौथा भाग कोणी आपल्या मुलांना आवर्जून दाखवत नाही. त्याच वर्षी आलेला ‘सुपरमॅन’चा चौथा भागही असाच विस्मरणात गेला. म्हणजे तुलना होते ती पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेल्या पाचपंचवीस चित्रपटांची आणि या महिन्यात लागलेल्या, अजून न चाळलेल्या ढिगाऱ्याची. त्यात आठवणींचाही एक स्वभाव असतो. माणसाला दहा ते तीस या वयातील गोष्टी इतर काळापेक्षा अधिक ठळकपणे आणि अधिक संख्येने आठवतात, असे मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळले आहे. त्या वयात पाहिलेल्या चित्रपटाला सायकलवरून थिएटर गाठण्याचा, खिडकीवरच्या रेटारेटीचा आणि मध्यंतरातल्या वड्याचा वास चिकटलेला असतो, आणि तो वास आपण चित्रपटाच्या खात्यावर जमा करतो.

एवढे मान्य केले तरी हिशेब मिटत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला १९९४ ची कसलीही आठवण नसते, तरी त्याने पाय वर घेतलेच. शिवाय जी मंडळी ही तक्रार करतात, तीच काही नव्या चित्रपटांना मनापासून दाद देतात. त्यामुळे सगळा दोष पाहणाऱ्याच्या वयावर ढकलता येत नाही. पडद्यावरही काहीतरी बदलले असले पाहिजे.

‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द मुळात दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बचा. घरांची अख्खी रांग जमीनदोस्त करू शकणाऱ्या बॉम्बला वर्तमानपत्रे तसे म्हणत, आणि युद्ध चालू असतानाच अमेरिकेतील चित्रपटांच्या जाहिरातींनी तो उचलला. आज ज्या अर्थाने आपण तो वापरतो, तो अर्थ मात्र २० जून १९७५ ला प्रदर्शित झालेल्या ‘जॉज’पासून पक्का झाला. तोवर महत्त्वाचा चित्रपट आधी मोठ्या शहरांतील निवडक चित्रपटगृहांत लावायचा आणि बोलबाला होईल तसतसा इतरत्र न्यायचा, अशी साधारण रीत होती. ‘जॉज’ एकाच दिवशी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला, आणि त्याआधी दूरचित्रवाणीवर देशभर जाहिरातींचा मारा करण्यासाठी सुमारे सात लाख डॉलर मोजले गेले. उन्हाळ्याची सुट्टी, सगळीकडे एकदम प्रदर्शन आणि जाहिरातींचा भडिमार ही आजची घडी तिथे बसली. गंमत अशी, की धंद्याची ही नवी रीत ज्या चित्रपटाने घालून दिली, तो स्वतः मात्र फार संयमी होता, आणि तो संयमही दिग्दर्शकाने आपखुशीने पत्करलेला नव्हता.

स्टीव्हन स्पीलबर्गला शार्क दाखवायचा होता. त्यासाठी यंत्राचे तीन शार्क बनवले गेले होते. प्रत्यक्ष समुद्रात उतरवल्यावर खाऱ्या पाण्याने त्यांच्या नळ्या आणि झडपा खाल्ल्या. यंत्र बुडायचे, जबडा मिटायचा नाही, दिवसचे दिवस वाया जायचे. ५५ दिवसांचे ठरलेले चित्रीकरण १५९ दिवस चालले आणि खर्च अंदाजाच्या दुपटीपलीकडे गेला. हातात शार्कच नाही, आणि चित्रपट तर शार्कचा. त्या अडचणीतून जे निघाले ते पाहण्यासारखे आहे. एका प्रसंगात दोन गावकरी रात्री लाकडी धक्क्यावर बसून साखळीला मांसाचा मोठा तुकडा बांधतात आणि पाण्यात सोडतात. साखळी सरसर ओढली जाते, ताणली जाते, आणि धक्क्याचा टोकाकडचा भाग मोडून एका माणसासकट समुद्रात निघून जातो. काही क्षण तो तरंगता तुकडा दूर जात राहतो, मग थांबतो, आणि सावकाश वळून पाण्यातल्या माणसाच्या दिशेने परत येऊ लागतो. शार्कच्या पाठीवरचा परदेखील दिसत नाही. दिसतात त्या फक्त लाकडाच्या फळ्या. पुढे शार्कच्या अंगात रुतवलेल्या दोरांना पिवळी पिंपे बांधलेली असतात, आणि पाण्यावर पिंप दिसले की खाली तो आहे हे प्रेक्षकाला कळते. शार्क धडपणे समोर येईपर्यंत चित्रपटाचा एक तास आणि वर वीस मिनिटे गेलेली असतात. व्हर्ना फील्ड्स यांचे संकलन आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वरांवर उभे असलेले संगीत या दोहोंना त्या वर्षी ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते, कारण न दिसणाऱ्या प्राण्याची भूमिका त्या दोघांनी केली होती.

अठरा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने ‘जुरासिक पार्क’ केला, तेव्हा संगणकावर जिवंत भासणारा प्राणी घडवणे शक्य झाले होते, पण ते अतिशय महाग आणि वेळखाऊ होते. १२७ मिनिटांच्या या चित्रपटात डायनासोर पडद्यावर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यातही संगणकनिर्मित दृश्ये सहा मिनिटांच्या आसपास आहेत. उरलेले काम स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनलेल्या यांत्रिक प्राण्यांनी केले. टी-रेक्सच्या हल्ल्याचा प्रसंग रात्रीचा आणि भर पावसातला आहे. अंधार आणि पाणी यांनी संगणकाच्या कामातील उणिवा झाकल्या. यांत्रिक टी-रेक्सचे रबरी कातडे मात्र पावसात पाणी पिऊन जड व्हायचे आणि सगळे यंत्र थंडी भरल्यासारखे कापू लागायचे, म्हणून कामगार टॉवेल घेऊन त्याला पुसत बसत. त्या प्रसंगाला पार्श्वसंगीतही नाही. पाऊस, तारांचा ताण, पत्रा चेपल्याचा आवाज आणि त्या प्राण्याचा श्वास, एवढ्यावरच तो चालतो. आजचा एखादा भव्य चित्रपट पाहताना मुद्दाम कान देऊन ऐकावे, तर अशी संगीताविना गेलेली पाच मिनिटे सापडणे कठीण.

यानंतर जे घडले ते कौशल्याचा ऱ्हास मुळीच नव्हता. झाले असे, की दाखवणे स्वस्त झाले. ते सर्वसामान्य अर्थाने स्वस्त नव्हे, कारण कोट्यवधी डॉलर आजही लागतातच; पण जे पूर्वी पैसे देऊनही अशक्य होते ते आता पैसे दिल्यावर निश्चित मिळते. २०१९ च्या ‘अॅव्हेंजर्स : एंडगेम’मध्ये संगणकीय काम केलेली सुमारे अडीच हजार दृश्ये आहेत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक दृश्यावर संगणकाचा हात फिरलेला आहे. जी गोष्ट केव्हाही दाखवता येते, ती लपवून ठेवण्यासाठी वेगळे धैर्य लागते, आणि शेकडो कोटी गुंतवणाऱ्याकडे ते सहसा नसते. पंगतीत पहिल्या घासापासून ताटात जिलबीच पडत राहिली, तर तिसऱ्या वाढीला हात आडवा करून लोक मठ्ठा मागू लागतात. त्यात जिलबीचा काही दोष नसतो. ‘जुरासिक वर्ल्ड’च्या कथेत तर हे उघडच सांगितले आहे: उद्यानात येणारे लोक डायनासोर पाहून कंटाळले आहेत, म्हणून मालक मंडळी प्रयोगशाळेत आणखी मोठा, आणखी दातांचा नवा प्राणी तयार करवून घेतात. आपल्याच अडचणीची इतकी स्वच्छ कबुली देणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही, आणि एवढी कबुली देऊन त्याने उपाय तोच केला, याचेही मला कौतुक वाटते.

दाखवणे सोपे झाल्याचा दुसरा परिणाम डोळ्यांना चटकन कळत नाही, पण जाणवतो. पूर्वी निर्णय आधी घ्यावा लागे. प्राणी कुठे उभा राहणार, उजेड कुठून येणार, कॅमेरा कुठे ठेवायचा, हे चित्रीकरणाच्या दिवशी ठरलेले असे, कारण नंतर ते बदलता येत नसे. आता नट निळ्या किंवा हिरव्या पडद्यापुढे उभा राहतो आणि मागे वाळवंट असेल की राजवाडा, हे पुष्कळदा नंतर ठरते. मागचे दृश्य ठरलेले नसेल तर उजेडही असा ठेवावा लागतो, की तो कुठेही खपून जाईल. आणि कुठेही खपणारा उजेड म्हणजे सपाट उजेड. सूर्य कोणत्या बाजूला आहे हे ज्या चेहऱ्यावरून कळत नाही, तो चेहरा त्या जागी खरोखर उभा आहे यावर मन पूर्णपणे विश्वास ठेवत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच. खऱ्या कॅमेऱ्याला वजन असते, तो कुठेतरी टेकवावा लागतो, त्यामुळे प्रेक्षकाला आपण त्या जागी उभे राहून पाहत असल्याचा भास होतो. संगणकातील कॅमेरा कोसळत्या इमारतीच्या आरपार जाऊन राक्षसाच्या नाकाखालून वर निघतो, आणि जिथे कोणी उभे राहूच शकत नाही तिथून पाहिलेल्या दृश्यात भीती वाटायला माणूस उरत नाही.

या कामाचा एक मोठा भाग आपल्याकडे होतो, हे अनेकांना ठाऊक नसते. मुंबईच्या प्राइम फोकस या कंपनीने २०१४ मध्ये लंडनची डबल निगेटिव्ह आपल्यात सामावून घेतली, आणि हॉलिवूडच्या ऑस्करविजेत्या दृश्यपरिणामांत या संस्थेचे नाव वारंवार दिसते. माझ्या ओळखीतील एक मुलगा याच धंद्यात ‘रोटो’ करतो. रोटो म्हणजे चित्रातील माणसाला त्याच्या मागच्या दृश्यापासून कडेकडेने कापून वेगळे करणे. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि नटीचे केस मोकळे असतील व वारा सुटलेला असेल तर प्रत्येक चौकटीत प्रत्येक बट वेगळी. चार सेकंदांच्या एका दृश्यासाठी कधीकधी त्याचा आठवडा जातो. तो म्हणाला, ‘‘काका, मी कापून दिलेल्या बाईच्या मागे काय लागणार आहे हे मला चित्रपट लागल्यावर कळतं.’’ चित्रपट पाहताना आपण ‘संगणकाने केलेय सगळे’ असे सहज म्हणून जातो. ते इतके सोपे नाही.

मारामारीच्या दृश्यांबाबत आणखी एक गोष्ट घडते. मोठ्या स्टुडिओंत अशा दृश्यांचा कच्चा चलत् आराखडा, ज्याला ‘प्रीव्हिज’ म्हणतात, चित्रीकरणाच्या कितीतरी आधी वेगळ्या तुकडीकडून तयार होतो. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्तेल यांनी २०१८ मध्ये सांगितले होते, की ‘अॅव्हेंजर्स’ बनवणाऱ्या मार्वल स्टुडिओने एका चित्रपटासाठी त्यांच्याशी बोलणी केली तेव्हा ‘मारामारीच्या दृश्यांची काळजी तुम्ही करू नका, ते आम्ही पाहू’ असे त्यांना ऐकवले गेले. जेवण एकाचे आणि फोडणी दुसऱ्याची, अशी चव काही चित्रपटांत जी लागते ती यामुळे. संवादाचा प्रसंग आणि हाणामारीचा प्रसंग दोन वेगळ्या चित्रपटांतून आणून शिवल्यासारखे वाटतात, कारण ते बऱ्याच अंशी तसेच असतात.

वेगाविषयी मात्र तक्रार करणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. चित्रपट-अभ्यासक डेव्हिड बॉर्डवेल यांनी मोजून दाखवले आहे, की १९३० ते १९६० या काळात हॉलिवूडमधील एक शॉट सरासरी ८ ते ११ सेकंद टिकत असे, आणि शतकाच्या अखेरीस तो ३ ते ६ सेकंदांवर आला. त्यावरून ‘कापाकापी वाढली म्हणून मजा गेली’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. पण २०१५ च्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये दोन तासांत सुमारे २,७०० शॉट आहेत, म्हणजे एक शॉट अडीच सेकंदांच्या आतबाहेर, तरीही कोण कुठे आहे, कोणती गाडी कोणाच्या मागे आहे, याबद्दल प्रेक्षक क्षणभरही गोंधळत नाही. त्याचे कारण अगदी साधे आहे. महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये चौकटीच्या मध्यावरच ठेवायची, असा दंडक दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी घातला होता. त्यामुळे शॉट बदलला तरी डोळ्याला धावपळ करावी लागत नाही. तो जिथे असतो तिथेच पुढची गोष्ट येऊन उभी राहते. मार्गारेट सिक्सेल यांनी ४८० तासांच्या चित्रफितीतून हे संकलन केले आणि ऑस्कर मिळवले. थकवा शॉटच्या लांबीमुळे येत नाही. दर दोन सेकंदांनी डोळ्याला ‘आता कुठे पाहू?’ असे विचारावे लागले, की येतो.

आता पैशाकडे येऊ, कारण मला वाटते खरी मेख तिथे आहे. ‘टायटॅनिक’ डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला २.८६ कोटी डॉलर होता, आणि अखेरीस तिथली कमाई ६० कोटींवर पोहोचली. म्हणजे शंभरातले जेमतेम पाच डॉलर पहिल्या आठवडाअखेरीस आले, आणि उरलेले पंच्याण्णव, पाहून आलेल्यांनी इतरांना सांगितले म्हणून आले. सलग पंधरा आठवडे तो पहिल्या क्रमांकावर होता. ‘एंडगेम’ने तिथल्या ८५.८ कोटींपैकी ३५.७ कोटी, म्हणजे शंभरातले जवळजवळ बेचाळीस, पहिल्या आठवडाअखेरीसच मिळवले. चित्रपट वाईट होता असे यातून सिद्ध होत नाही. पण धंद्याचे गणित उलटे झाले, हे मात्र दिसते. बहुतेक तिकिटे लोकांनी चित्रपट पाहण्याआधीच विकली जाणार असतील, तर विकायची असते ती उत्सुकता. उत्सुकता ओळखीच्या नावाची लवकर होते, म्हणून दुसरा, तिसरा, सातवा भाग. ती झलकीतून वाढवायची असते, म्हणून सगळी ठेवणीतली दृश्ये झलकीतच. १९८४ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या दहा चित्रपटांत आधीच्या चित्रपटाशी नाते सांगणारे दोनच होते. २०१९ च्या पहिल्या दहांत एकही संपूर्ण नवे कथानक नाही. कोणता ना कोणता पुढचा भाग, जुन्याची नवी आवृत्ती किंवा कॉमिक्समधील ओळखीचे पात्र, असेच सगळे.

आपल्याकडचा व्यवहारही याच दिशेने ढकलतो. २००९ मध्ये हिंदी चित्रपटांचे निर्माते आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात दोन महिने संप चालला आणि मग तडजोड झाली, ती अशी: पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नात निर्माता-वितरकाचा वाटा ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे प्रेक्षक जितका लवकर येईल तितका निर्मात्याचा फायदा अधिक. या चौकटीत ‘शोले’ घालून पाहावा. १५ ऑगस्ट १९७५ ला, ‘जॉज’नंतर दोनही महिने झालेले नसताना, तो लागला तेव्हा सुरुवातीचा प्रतिसाद इतका थंड होता, की व्यापारी मंडळींनी त्याला बुडीत खाती टाकले होते. मग हळूहळू लोक संवाद पाठ म्हणू लागले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. आजच्या रिवाजाप्रमाणे दुसऱ्या शुक्रवारी त्याचे निम्मे खेळ काढून घेतले गेले असते आणि गब्बरची कीर्ती बहुधा त्याच्या वाट्याला उशिरा, मोबाइलच्या पडद्यावर आली असती.

मालिका चालू ठेवायची म्हटले की कथेतही एक अडचण शिरते. ‘जॉज’मध्ये पणाला काय लागलेले असते? एका लहानशा बेटावरचा किनारा, आणि राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी तो बंद ठेवायला तयार नसलेला नगराध्यक्ष. या नगराध्यक्षासारखी माणसे आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात, म्हणून पोलीसप्रमुखाची तगमग आपल्याला आतून कळते. पुढच्या भागात मात्र मागच्यापेक्षा मोठे संकट लागते. शहर झाले की देश, देश झाला की पृथ्वी. २०१८ च्या ‘अॅव्हेंजर्स’मध्ये तर विश्वातील निम्मे सजीव एका चुटकीसरशी नाहीसे झाले. आभाळच फाटले तर ठिगळ कुठे लावणार? आणि लावले तर ते कोणाला खरे वाटणार? पुढच्याच वर्षी ते सजीव परतही आले. ते येणार हे प्रेक्षकाला ठाऊक होते, कारण त्यांतील काही वीरांचे पुढचे चित्रपट आधीपासून चर्चेत होते. मरण मागे घेता येते हे एकदा कळले की पुढच्या प्रत्येक मरणाची किंमत घसरते. याउलट ‘बाहुबली’ने २०१५ मध्ये कटप्पाचा एक प्रश्न अर्धवट सोडला आणि अवघ्या देशाला दोन वर्षे तो चघळत ठेवले. भव्यता तिथेही होती, संगणकही होता. पण एक पत्ता कोणीतरी हातात धरून ठेवला होता.

‘टॉप गन : मॅव्हरिक’चे उदाहरण देऊन मी अनेकदा मित्रांशी भांडलो आहे. हा २०२२ चा चित्रपट, म्हणजे अगदी आजचा. पुढचा भागच, म्हणजे मी वर ज्याबद्दल कुरकुर केली तोच प्रकार. आणि दृश्यपरिणामांसाठी ऑस्करचे नामांकन मिळवणारा, म्हणजे संगणकही भरपूर. तरीही पहिल्या आठवडाअखेरीस १२.६७ कोटी डॉलर मिळवून तो अमेरिकेत ७१.८ कोटींपर्यंत गेला. लोकांनी लोकांना सांगून तो चालवला. नटांना खऱ्या लढाऊ विमानात मागे बसवून उडवले गेले आणि वळणावर त्यांचे गाल खरोखर ओघळले, हे तर आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती मोहिमेची मांडणी. दरी किती अरुंद आहे, किती सेकंदांत पार करायची, वर चढताना शरीरावर किती भार येईल, हे सगळे फळ्यावर गणित समजावल्यासारखे आधी सांगितले जाते, सराव करून घेतला जातो आणि सरावात अपयशही दाखवले जाते. त्यामुळे खरी मोहीम सुरू होते तेव्हा प्रेक्षक घड्याळ स्वतःच मोजत असतो. जुन्या ‘जॉज’ची पिवळी पिंपे आणि या चित्रपटाचे घड्याळ यांचे काम एकच आहे.

राहता राहिली पाहण्याची जागा. मोठा पडदा, अंधार आणि अनोळखी माणसांची गर्दी यांचा वाटा मोठा आहे हे खरे, पण त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एवढेच म्हणतो: थिएटरात चित्रपट थांबवता येत नसे. घरी त्या रात्री पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटली, भाच्याने पाय वर घेतले, आणि नेमका त्याच वेळी माझ्या बहिणीने स्वयंपाकघरातून हाक मारून जेवायला बोलावले. त्याने रिमोट उचलला, चित्र थांबवले, आणि मग काय वाटले कोण जाणे, पुन्हा चालू केले. ‘‘आई, पाच मिनिटं!’’ जेवण तासभर लांबले आणि आम्ही दोघांनी बोलणी खाल्ली.

जेवताना मी त्याला सांगितले, की ती वर्तुळे संगणकाची नव्हेत. हव्या तशा गोल, एकात एक लहरी पाण्यावर उठवायच्या कशा, याचा माग दृश्यपरिणामांचे काम पाहणारे मायकल लँटिएरी बरेच दिवस काढत होते, आणि शेवटी त्यांना गिटारच्या तारेत उत्तर सापडले. मोटारीच्या पुढच्या फळीखाली तार ताणून बसवली आणि खाली झोपलेला माणूस ती छेडत होता. भाच्याने ऐकून घेतले, पाण्याचा स्टीलचा पेला पुढे ओढला आणि टेबलाला खालून बुक्की मारली. पाणी हिंदकळून वरणात सांडले. मग त्याने मोबाइल थरथराटावर टाकून पेल्याला टेकवला. लहरी आल्या, पण वेड्यावाकड्या. जेवण झाल्यावर तो शेजाऱ्यांकडे गिटार मागायला गेला.